सावकाशराव

सर्जन हात धुऊन, गाऊन चढवून उभे असतात. "अहो, झोपला का पेशंट?" सावकाशराव पडद्यावरची नजर न काढता म्हणतात, "झोपेल की."

हृदयाच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्यांची ही जात. मनगटातल्या धमनीत सुई जाऊन रक्तदाबाची लाल रेघ नाचू लागल्याशिवाय हे भुलीचा थेंब सोडत नाहीत. सरासरी दाब 65 कडे उतरायला लागला की भुवई चढते. दाब चढवणाऱ्या फेनिलेफ्रिनची सिरिंज तर केव्हाची भरून हाताशी ठेवलेली असते.

औषधांविषयी ते मुलीच्या बापानं स्थळांविषयी बोलावं तसं बोलतात. प्रोपोफॉल? "गोरंपान आहे, चटकन झोपवतं, पण हात सैल. रक्तवाहिन्या सैल सोडतं, दाब धाडकन खाली." केटामाइन? "तापट! नाडी पळवतं, दाब चढवतं. रक्त गेलेल्याला एकवेळ चालेल, तुंबलेल्या धमन्यांना ती धावपळ कशी परवडणार?" एटोमिडेट म्हटलं की चेहरा खुलतो. "सालस हो! दाबाला फारसा धक्का नाही." मग आवाज खाली येतो, "पण एकाच डोसनं अ‍ॅड्रिनल ग्रंथीला गप्प बसवतं, काही तास, कधी दिवसभरही." निर्दोष स्थळ मिळत नाहीच. शेवटी फेंटानिल, मिडाझोलम मध्यस्थीला घालून सगळं थोडं थोडं, बेतानं.

त्यांच्या या संथपणावर हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. धडधाकट माणसाच्या हातात टोचलेलं औषध अर्ध्या मिनिटाच्या आसपास मेंदूशी पोचतं. दमलेल्या हृदयाला ते तिथवर न्यायला बराच जास्त वेळ लागतो. नवशिका म्हणतो, चढलं नाही, आणि दुसरा डोस ढकलतो. मग पहिला आणि दुसरा जोडीनं पोचतात! महाधमनीची झडप आकसलेला पेशंट असेल तर दाब पडताच हृदयाच्या स्नायूचंच रक्त तुटतं, आणि ते हृदय थांबलं तर छाती दाबूनही पुन्हा चालू करणं महाकठीण. म्हणून सावकाशराव औषध सोडतात आणि थांबतात. सर्जन घड्याळ बघतात. हे अजून थांबतात.

ही सवय घरीही सुटत नाही. लिफ्टचं बटण एकदाच दाबतात, शेजाऱ्यानं पुन्हा दाबलं तर कळवळतात, "अहो, डोस दिलाय ना!" आमटीत मीठ कमी लागलं तरी दोन घास वाट बघतात. वहिनींच्या मते लग्नाला होकारही त्यांनी असाच दिला, थेंब थेंब, परिणाम बघत.

तुमच्या घरात कुणाचं बायपास ठरलं असेल, तर आदल्या संध्याकाळी हे गृहस्थ खाटेशी येऊन निवांत बसतील. कोणत्या गोळ्या चालू आहेत, शेवटची कधी घेतली, असं खोदून खोदून विचारतील. वैतागू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या सकाळी पोटात गेल्या असतील, तर भूल चढताच दाब जास्तच घसरतो. तेव्हा डबीच समोर ठेवा, आणि घेतलेली गोळी लपवू नका.