पोरगी काय ऐकती म्हणं

"आक्का, भिंतीपाशी या की जरा. कळलं का, कोपऱ्यावरच्या वहिनींच्या पोरीला बार्शीकडनं बघायला आलते. पोहे हाणले, च्या पिला, अन् परवा निरोप धाडला, पोरगी सावळी हाय म्हणून."

"आन् पोरगा काय दुधानं धुतल्याला व्हता व्हय?"

"कसला! टकलावर केस वढून बसलाता. तरी वहिनींनी लगेच सोलापुरातनं ट्यूब आणली, ती फेअर अँड लव्हली. आता ग्लो म्हणत्यात तिला, 2020 ला नाव बदललं."

"बया! मग पोरीनं लावली?"

"ट्यूब कुठली, गाणं लावलं. कडूबाई खरातचं. अख्ख्या तामलवाडीला ऐकू जाईल एवढं."

"एकतारीवाली का गं, संभाजीनगरची?"

"तीच. नवरा गेला, पदरात लेकरं. बापाकडनं गाणं आल्यालं, तेवढ्या एकतारीवर भीमगीतं म्हणत दारोदार फिरली. कुणीतरी मोबाईलवर काढलं अन् घरोघरी पोचली. डोक्यावर पदर, रंग आपल्यासारखाच रापल्याला, पण आवाज कसा, सरपंचानं बी उठून जागा द्यावी."

"आमच्या जाऊबाईला खपत न्हाई. म्हणती, ती त्यांची गाणी."

"आन् माहेरच्या रानात हिस्सा मागितला तवा? पोरींना वाटा द्या म्हणून बाबासाहेब भांडले, मंत्रिपद सोडलं 1951 ला. हिस्सा घेताना ते सगळ्यांचे, गाणं लागलं की त्यांचे!"

"तिच्या तोंडावर म्हण की हे."

"म्हणंन की. ऐका, पोरगी अजून एक सांगत होती. अमेरिकेत नीना सिमोन म्हणून काळी बाई होती, पियानो वाजवायची. लहान असताना गावात कार्यक्रम ठेवला, आईबाप पुढं बसल्याले. गोऱ्यांसाठी त्यांना उठवून मागं धाडलं. पोरगी हटून बसली, आईबापाला पुढं आणल्याबिगर बोट लावत न्हाई म्हणली."

"मग?"

"आणलं की! थोर झाल्यावर 1969 ला काळ्या पोरापोरींनी छाती काढून म्हणावं असं गाणंच बांधलं तिनं."

"आपल्या लग्नात पोरीचा बाप कुठं असतो गं?"

"मांडवाच्या दारात, हात जोडून. जेवतो बी पंगती उठल्यावर."

"कोण उठून बोलती नवरी? ... वहिनी काय म्हणत्यात पण?"

"कोजागिरीला पायी तुळजापूरला जाते, देवीला नवस बोलते म्हणल्या. तर ही म्हणती, जा की, भवानी बी काळ्या पाषाणाचीच हाय, जाताना ट्यूब घिऊन जा."

"आगं आई गं! तोंडाला काय लगाम?"

"तुम्ही हसताय की, आक्का."

"हसू नको तर काय करू. बरं, पुढचे पाव्हणे कवा?"

"रविवारी, लातूरचे. पण पोरीनं अट घातलीया, आधी पोराचा फोटो धाडा. अन् भाकरी थापता येती का, ते बी इचारलंय."