हौसेची वाट, नाइलाजाची वाट

निघालो तिथेच परत आणणारी डोंगरधारेची वाट चालायला शहरी माणूस पैसे भरतो. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर तर सुट्टीच्या दिवशी रांग लागते. या हिशेबाने गडचिरोलीतला सिरोंचा तालुका भाग्यवानच म्हणायचा. पावसाळ्यात नाले फुगले, की दवाखान्यापर्यंतची पायपीट फुकट, सागाच्या जंगलासकट. आणि तिथे डॉक्टर नसतील, तर वाट आपोआप वर्तुळाकार होते. कुणी म्हणेल, ट्रेक हौसेचा, ही पायपीट नाइलाजाची. मान्य, पण चिखल दोन्हीकडे तोच, फोटो मात्र एकाचाच निघतो. पर्यटन वाढलं तर रोजगार येईल, हाही मुद्दा रास्त. फक्त याच तालुक्यातल्या वडधमचे जीवाश्म पाहायला येणाऱ्याला आलापल्लीपासून धड रस्ता लागतो. त्याच्यासाठी का होईना, तो व्हावा; झाल्यावर गावकऱ्यांनाही वापरू द्यावा, एवढीच नम्र सूचना.