बोईसरच्या कोरियन भाच्यास घिवलीच्या मावशीचे खुले पत्र

चि. कोरियन साहेब यांस,

घिवलीहून मावशीचे अनेक आशीर्वाद.

मावशी कोण, म्हणून दचकू नका. तेराव्या शतकातल्या तुमच्या 'सामगुक युसा' ग्रंथात लिहिलंय की इ.स. 48 मध्ये अयुता नावाच्या दूरदेशाची राजकन्या जहाजाने कोरियाला आली आणि सुरो राजाची राणी झाली. अयुता म्हणजेच आपली अयोध्या असं धरून 2001 साली अयोध्येत तिचं स्मारकसुद्धा उभं राहिलं. समुद्र नसलेल्या गावातून तिने जहाज कसं हाकारलं, हे आम्हा मच्छीमारांना अजून उलगडलेलं नाही. पण नातं जुळत असताना असल्या शंका काढू नयेत. गिम्हेचे किम स्वतःला तिचे वंशज म्हणवतात. तेव्हा तुम्ही किम असाल तर सख्खे भाचे, पार्क किंवा ली असाल तर लांबचे.

आता रागवायचं कारण. घिवलीच्या हद्दीत शिरताच तुम्ही म्हणे गाडीच्या काचा वर घेतल्यात, नाकाला रुमाल लावलात आणि ड्रायव्हरला विचारलंत, "इथे काय मेलंय?" साहेब, बोंबील मेलेत. जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर जोडीने टांगलेत आणि खाली जवळा पसरलाय. इतर पाहुण्यांनी असं विचारलं तर आम्ही सोडून देतो. तुम्ही विचारायचं? तुमच्या गांगवॉनच्या डोंगरात भर थंडीत पोलॅक मासा असाच रांगेने टांगतात. रात्री गोठवतात, दिवसा वितळवतात आणि त्याला ह्वांगते म्हणून भाव घेतात. तुमच्या किमचीत खारवलेला जवळा पडतो. आणि जोल्ला भागात मुरवलेला होंगो मासा असतो, त्याचा अमोनियाचा वास म्हणे डोळ्यांतून पाणी काढतो. तो तुम्ही लग्नाकार्यात मानाने वाढता! आमच्या सुकटीने आजवर कुणाला रडवलेलं नाही, फक्त शेजाऱ्यांना हलवलंय.

फरक एवढाच की किमची घालण्याच्या तुमच्या रिवाजाला 2013 मध्ये युनेस्कोने मानवतेचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. आम्हाला मासे सुकवायला ओटा हवा असेल तर आधी अर्ज, मग अर्जाची पोच आणि मग त्या पोचेची झेरॉक्स.

तुमचं दुःखही कळतं हो. ऑफिसात सगळे तुम्हाला चिनी समजतात. कॅन्टीनवाला "साहेबांना तिखट सोसायचं नाही" म्हणून रोज दहीभात पुढे करतो. गोचुजांगच्या तिखटावर वाढलेल्या माणसाला दहीभात! त्याच संध्याकाळी बोईसर स्टेशनबाहेरच्या गाडीवर आमचीच पोरं कोरियन नूडल्स खाऊन हाहू करत असतात. त्यात तुमच्या सोसायटीची नोटीस आली: इमारतीत मांसाहार शिजवू नये, वास येतो. आता त्या वासात तुमची किमची आणि आमचा बोंबील एकाच कलमाखाली सापडलेत. म्हणून सांगते, काचा वर घ्यायच्याच असतील तर सोसायटीच्या गेटवर घ्या.

फ्रिजचंही एक काम आहे. तुमच्या एलजीचा कारखाना आपल्या रांजणगावात आहे. तुमच्याकडे किमचीसाठी वेगळा फ्रिज असतो म्हणतात, म्हणजे तिचा वास दुधाला लागत नाही. तसाच एक सुकटीसाठी काढायला सांगा. पालघर जिल्ह्यात कर्ज काढून घेतील.

आणखी एक. तुमच्या बुसानजवळ गिजांग म्हणून किनारा आहे. तिथली मोतकासारखी बारीक मासळी आणि समुद्रशेवाळ नावाजलेलं. त्याच किनाऱ्यावर कोरीची पहिली अणुभट्टी 1978 ला सुरू झाली आणि 2017 ला कायमची बंद झाली. आमच्या शेजारचं तारापूर त्याहून जुनं, 1969 चं. पोफरण आणि अक्करपट्टीची माणसं पुढच्या अणुभट्ट्यांसाठी गाव सोडून गेली. वर आता वाढवणला 76 हजार कोटींचं बंदर येतंय. गिजांगच्या कोळणींनाही अशाच साहेबांनी नाकाला रुमाल लावून भरपाईचे कागद दाखवले असतील, असा माझा अंदाज.

तेव्हा या रविवारी घरी या. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि वर कच्चा कांदा. किमचीचा डबा घेऊन या, इथे कुणी नोटीस लावणार नाही. आणि येण्याआधी गिजांगला फोन करून एवढं विचारा: भट्टी आली, बुसानचं बंदर वाढलं, तेव्हा तिथल्या होड्यांचं काय झालं? उत्तर कोरियन भाषेत आलं तरी चालेल. गावातल्या पोरी तुमच्या मालिका बघून इतक्या तयार झाल्यात की वाचून दाखवतील.

तुमची,
घिवलीची मावशी