मुलींची पलटण कुठे आहे?

पुण्यात आमच्या धायरीत एका शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी साडेसहाला फक्की पडते. सर नायलॉनची दोरी ताणून १२ मीटर बाय ८ मीटर मोजतात आणि मुली दोरीच्या कडेकडेने मुठीतून फक्की सोडत जातात. मुलींच्या कबड्डीचं क्रीडांगण एवढंच, पुरुषांचं १३ बाय १०. परवा नववीतली एक मुलगी प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणचा केशरी टी-शर्ट घालून आली होती. डावा कोपरा सांभाळते. घोटा हातात आला की सोडत नाही, मग फरफटत जावं लागलं तरी चालेल. पाणी प्यायला आली तेव्हा तिने मला विचारलं, ''काका, मुलींची पलटण कुठे असते?''

कुठेच नसते. हे त्या पोरीला सांगायची पाळी माझ्यावर आली, याची मला लाज वाटते.

२०१६ च्या पावसाळ्यात एकदा असा प्रयत्न झाला. प्रो कबड्डीच्या चौथ्या हंगामात महिलांचे तीन संघ उतरवले: फायर बर्ड्‌स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स. आइस दिवाजची कर्णधार होती आपली अभिलाषा म्हात्रे. ३१ जुलैला हैदराबादला अंतिम सामना झाला, स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्‌सला २४-२३ असं हरवलं. एका गुणाचा फरक! याहून चुरशीचा सामना तो कुठला? तरीही दुसरा हंगाम झालाच नाही.

नावं पुन्हा वाचा. आग, बर्फ, वादळ. या संघांना गाव कुठे होतं? पुण्याचा माणूस कुणासाठी घसा कोरडा करणार, बर्फासाठी? संघाला पत्ता लागतो. माणसं 'आपली पोरं' म्हणून मैदानावर जातात, आणि 'आपली' म्हणायला आधी गाव लागतं. क्रिकेटने २०२३ मध्ये महिलांची लीग काढली तेव्हा पाचही संघांच्या नावात शहर किंवा राज्य होतं. ती लीग टिकली.

दुसरी गोष्ट सबुरीची. पुणेरी पलटण २०१४ ला सुरू झाली. पहिले दोन्ही हंगाम आठांत आठवी. तळाला! तेव्हा कुणी गाशा गुंडाळला नाही. डिसेंबर २०२२ ला अंतिम फेरीत जयपूरकडून हरली, तरी गुंडाळला नाही. १ मार्च २०२४ ला अस्लम इनामदारच्या पलटणीने हरियाणाला २८-२५ असं नमवून करंडक आणला. आम्ही त्या रात्री शेजाऱ्यांच्या घरी ओरडून ओरडून आवाज बसवून घेतला. दहाव्या हंगामाचा तो आनंद होता. पुरुषांना दहा हंगाम दिले, बायकांना पाच आठवडे.

पत्ता आणि सबुरी दोन्ही मिळाली की काय होतं, ते बघायला आता न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला जाऊ. इन्व्हरकार्गिल हे पन्नास-पंचावन्न हजार वस्तीचं गाव. आपल्याकडच्या मुली जशा कबड्डी-खोखो खेळत वाढतात, तशा तिकडच्या मुली नेटबॉल खेळत वाढतात. एका बाजूला सात जणी, चेंडू आपटत पळायचं नाही, हातात आला की तीन सेकंदांत पुढे द्यायचा, आणि कडीमागे फळी नाही, त्यामुळे नेम अचूक हवा. त्या गावाचा संघ सदर्न स्टिंग. १९९९ ते २००४ सलग सहा वेळा देशाचा विजेता, २००७ ला सातव्यांदा. सातही वेळा प्रशिक्षक एकच, रॉबिन ब्रॉटन. २००८ ला लीगच बदलली, तेव्हा शेजारच्या ओटागोच्या संघाशी जोडून त्याचा सदर्न स्टील झाला. २०१० ला बर्फाच्या भाराने त्यांच्या स्टेडियमचं छप्पर कोसळलं. गावाने ते पुन्हा उभारलं. २०१७ ला लीग पुन्हा बदलली, आणि स्टीलने त्या हंगामात एकही सामना न हरता विजेतेपद घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा. दोनदा लीग बदलली, नाव बदललं, डोक्यावरचं छप्पर गेलं, तरी संघ त्या मुलखाचाच राहिला. आमच्या सिंहगड रस्त्यावर त्या गावाहून जास्त माणसं राहतात हो!

आमच्याकडे खेळाडू नाहीत, असं कुणी म्हणू नये. २०१२ ला पाटण्यात महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने इराणला २५-१९ हरवून जिंकला. त्यात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. महाराष्ट्र सरकारने तिघींना एकेक कोटी जाहीर केले, चांगलं केलं. पण बक्षीस एकदा मिळतं, पगार दर महिन्याला लागतो. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताचं शंभरावं पदक महिला कबड्डीने आणलं, चायनीज तैपेईवर २६-२५ ने मात करून, आणि त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. खो-खोचंही तेच. २०२२ ला बालेवाडीत अल्टिमेट खो-खो झाली, सहाही संघ पुरुषांचे. जानेवारी २०२५ ला पहिला विश्वचषक आला तेव्हा महिलांनी नेपाळला ७८-४० असं धुतलं. कर्णधार पुण्यात घडलेली प्रियांका इंगळे.

म्हणून मागणी साधी आहे. पुणे, मुंबई, ठाणे, सांगली, जिथे जिथे मुली खेळतात त्या गावांच्या नावाने संघ काढा. निदान पाच वर्षांचा शब्द द्या. मुलींना करार द्या, पुरुषांच्या मॅटवर त्याच संध्याकाळी सामने लावा. तिकीट काढून बघायला मी येतो, आमची अख्खी सोसायटी आणतो.

साडेनऊपर्यंत सराव आटोपतो. मग मैदानात गाड्या लागायला लागतात आणि टायरखाली फक्की पुसत जाते. परवा ती केशरी टी-शर्टवाली गेटपाशी उभी राहून एका मोटारवाल्याला म्हणत होती, ''काका, जरा पलीकडे लावता का? आमची मधली रेघ राहू द्या.''