चादरीखालची ९११

स्टुटगार्टमध्ये नोव्हेंबर लागला की आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये एक गाडी झोपी जाते. शेजारी आपली पोर्शे ९११ धुऊन आणतो, टायरांत हवा जरा जास्त भरतो, बॅटरीला चार्जर लावतो आणि वरून मऊ चादर ओढतो. पुन्हा दर्शन एप्रिलमध्ये. नंबरप्लेटवरच तसं छापलेलं आहे: उजव्या कडेला वर ०४, खाली १०. जर्मनीत ही हंगामी पाटी १९९७ पासून मिळते. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. उरलेल्या महिन्यांत गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी करायचीही परवानगी नाही.

पैसे वाचतात, मान्य. रस्त्यावर टाकलेल्या मिठापासून गाडीचा खालचा भाग वाचतो, हेही मान्य. पण ‘ही गाडी हिवाळ्याची नव्हेच’ असं तो म्हणतो, ते मला सहन होत नाही. माँटे कार्लो रॅली म्हणजे जानेवारीतले आल्प्सचे घाट, रात्रीची वळणं, बर्फ. ती ९११ ने १९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीनदा जिंकली. पहिल्यांदा व्हिक एलफर्डने, पुढे दोनदा ब्यॉर्न वाल्डेगार्डने. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि जोरही त्याच चाकांना. म्हणजे जिथे पकड हवी तिथेच वजन. निसरड्या चढावर पुढे इंजिन असलेल्या भल्याभल्या गाड्यांची मागची चाकं जागीच फिरतात, ही निघून जाते. मात्र वळणात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला, तर हेच वजन गाडीची शेपूट फिरवतं. हिवाळ्यात ही गाडी चालवणाऱ्याचा पाय हलका हवा, तो याचसाठी.

खरा प्रश्न टायरचा आहे, आणि इथे मी फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांवरही तितकाच चिडतो. चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी बर्फातून सुटते. थांबवायचं काम रबराचंच. पारा साधारण ७ अंशांखाली गेला की उन्हाळी रबर कडक होऊ लागतं. रस्ता कोरडा असला तरी पकड घटते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. पोर्शे स्वतः ९११ साठी हिवाळी टायर तपासून मंजूर करते. त्यांच्या कडेवर ‘एन’ हे अक्षर असतं. गाडी हिवाळ्याची नसती, तर हा खटाटोप कशाला? बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर नसतील तर इथे ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण चढतो. एवढ्या महागड्या गाडीचा मालक टायरांच्या दुसऱ्या संचापाशी हात आखडतो, तेव्हा मला त्याच्यापेक्षा समोरून येणाऱ्याची काळजी वाटते.

टायरच्या खाचांबाबत कायदा १.६ मिलिमीटर खोलीवर समाधान मानतो. मी ४ च्या खाली टायर ठेवत नाही. शेजारच्या ऑस्ट्रियात हिवाळी टायरला तेवढी खोली कायद्यानेच लागते.

बाकी सांभाळायचं फार नाही. सकाळी इंजिन जागेवर घरघरवत ठेवू नये. इथे ते नियमबाह्यही आहे. निघावं, पण तेल तापेपर्यंत आरपीएम वर नेऊ नयेत. पाण्याचा काटा लवकर चढतो, तेल मागाहून तापतं. मीठ लागलं की गाडी खालून धुवावी.

आज सकाळी उणे दोन होतं. रस्ता कोरडा, ऊन स्वच्छ, ब्लॅक फॉरेस्टकडची वळणं जवळपास रिकामी. तळघरात ती चादर तशीच. पाटी बदलायला वाहन नोंदणी कार्यालयात जावं लागतं. सोबत येतो, असं मी शेजाऱ्याला सांगून ठेवलं आहे.