उचलायचं न्हाई, लोळवायचं

विश्रामबागेत माणूस आजारी पडला तर सल्ल्यावाचून राहत नाही. आमच्या एका हाताला सांगली, दुसऱ्या हाताला मिरज. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत हॉस्पिटल उघडलं ते १८९४ साली, आणि १९६२ मध्ये तिथे सरकारी मेडिकल कॉलेजही आलं. इतकी वर्षं डॉक्टरांच्या शेजारात काढल्यामुळे इथला रिक्षावालासुद्धा "झटका कुठल्या बाजूचा?" हे विचारून मगच भाडं सांगतो. मेंदूचा डॉक्टर, हाडांचा डॉक्टर, सगळे हाकेच्या अंतरावर. अडचण एवढीच, की डिस्चार्ज मिळाल्यावर पेशंट ना सांगलीत असतो ना मिरजेत. तो विश्रामबागेत, आपल्या घरी, मधल्या खोलीत असतो. आणि त्याला कुशीवर वळवायचं असतं.

आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, डावी बाजू पक्षाघाताने गेली. वाचा मात्र शाबूत राहिली, हे आमचं भाग्य म्हणायचं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. बायकोची शाळा, मुलगा बंगळुरात, रिकामा मी. नुकताच निवृत्त झालेला, तोही इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिक्स शिकवून. तरफ, गुरुत्वमध्य, घर्षण यांवर आयुष्य गेलेलं. डिस्चार्जच्या वेळी सिस्टर बजावत होत्या, "दर दोन तासांनी कूस बदला. पाठ ओली राहू देऊ नका. भरवताना बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन भरवा. लुळ्या हाताला धरून ओढू नका." मी मान डोलावत होतो आणि मनात अण्णांवर कार्य करणाऱ्या बलांची आकृती काढत होतो.

भाड्याने आणलेल्या कॉटच्या पायथ्याशी दोन हँडल होती. एकाने पाठ वर येते, दुसऱ्याने गुडघे. चहा पाजायला म्हणून मी हँडल फिरवलं, तर गुडघे वर आले. मग दुसरं फिरवलं. अण्णा वहीसारखे मिटले. आतून आवाज आला, "चहा राहू दे. सूनबाईला हाक मार."

पाठ वर केली की माणूस हळूहळू पायथ्याकडे घसरतो. अण्णांना पुन्हा वर घ्यायचं, तर घर्षण कमी करायला हवं. मी चादरीवर टाल्कम पावडर शिंपडली आणि काखेत हात घालून ओढलं. अण्णा झकास वर आले. आणि मी हात सोडताच त्याच वेगाने परत गेले. उतरणीवरच्या वस्तूचं घर्षण संपलं की ती खाली येते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर सिद्ध केलं होतं. अण्णांनी ते प्रात्यक्षिकासह दाखवलं. त्यांना अडवताना माझ्या कमरेत अशी उसण भरली, की त्या संध्याकाळी भेटायला आलेल्या आत्याबाईंनी शहाळं माझ्याच हातात दिलं आणि अण्णांना विचारलं, "कधीपासून पडून आहे हा?"

मग नर्सिंग ब्युरोतून मावशी आल्या. कुपवाडहून सकाळी आठच्या ठोक्याला. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या भिंतीवरच्या आलेख कागदाच्या वेळापत्रकाला पाहिलं, आणि पदर खोचला.

"सर, तुमी तिकडं व्हा. आजोबास्नी उचलायचं न्हाई, लोळवायचं."

चादर बदलायला मी अण्णांना सबंध उचलून खुर्चीत ठेवायच्या विचारात होतो. मावशींनी त्यांना एका कुशीवर लोळवलं, जुनी चादर लांबीच्या बाजूने गुंडाळत पाठीला नेऊन टेकवली, तिच्यामागे नवी अर्धी पसरून उरलेली अर्धी तशीच गुंडाळी करून ठेवली. मग त्या दोन्ही गुंडाळ्यांच्या उंचवट्यावरून अण्णांना दुसऱ्या कुशीला आणलं, पलीकडून जुनी ओढून काढली, नवी ताणली. अण्णा तेवढ्या वेळात "सकाळ"चा मथळा वाचत होते. कुठे बल लावलं, कुठे तरफ झाली, मला काही दिसलं नाही.

बनियन हा आणखी वेगळा पेपर. मी चांगला हात आधी घालायचो, कारण तो सहज जायचा. मग गळा, आणि उरलेला लुळा हात बाहीपर्यंत काही केल्या पोचायचा नाही. एकदा अण्णा डोकं आत, एक हात बाहेर अशा अवस्थेत असताना नेमके त्यांचे जुने साहेब भेटायला आले. साहेबांनी नमस्कार केला. बनियनने आतून केला. मावशींचं सूत्र एका ओळीत बसतं: घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला आधी.

मावशी सायंकाळी पाचला जात. पाचनंतरचा समाज हाताशी धरावा म्हणून मी व्हॉट्सॲपवर "अण्णा परिवार" काढला. तासाभरात त्यावर लसणाचा काढा, एक तेल, पक्षाघात उतरवणाऱ्या देवस्थानाचा पत्ता आणि अमेरिकेतल्या भाच्याचा "स्टे स्ट्राँग" जमा झाला. मी लिहिलं, "मला मदत हवी आहे." उत्तरादाखल जोडलेल्या हातांची रांग लागली. एकही हात मोकळा नव्हता.

वैतागून १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्येष्ठ नागरिकांचं वय?" सांगितलं. "आणि आपलं?" म्हटलं, त्रेसष्ट. "मग सर, ही लाइन तुमच्यासाठीही आहे. तुमचा काय त्रास?" इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मी कमरेपासून सुरुवात केली.

नोव्हेंबर आला तसा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला आला. अण्णा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो, म्हणून मी ॲप घेतलं. त्यात आधी ऑपरेटरचा, म्हणजे माझा, चेहरा लागतो. मी जिवंत असल्याचं ॲपला लगेच पटलं. अण्णांबद्दल त्याची खात्री पटेना. ते सांगे, पापण्या मिटा. अण्णा म्हणत, "यंत्राने सांगितलं म्हणून मी डोळे मिटायचे? मिटायचे तेव्हा मिटीन."

सकाळी फिरताना हे रडगाणं विलिंग्डन कॉलेजजवळच्या कट्ट्यावर ऐकवलं, तर एक गृहस्थ म्हणाले, "पोस्टमन घरी बोलवा की. ७० रुपयांत काम होतं." मग हळूहळू कळलं, की त्या कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांच्या मधल्या खोलीत कोणी ना कोणी आहे. रोज पाकिस्तान आणि साखरेचा दर यांवर बोलणारी ही माणसं, कॅथेटर कोण नीट बदलतं हे मनात ठेवून होती. एकांच्या पत्नीला कंपवात. ते पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला जाऊन येतात. तिथे पेशंट आणि सांभाळणारे एकत्र बसतात म्हणे. आमच्याकडे मंडळ नव्हतं, पण कट्टा होता.

कट्ट्याने मला एक एअर बेड दिला. त्याच्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि बसतात, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहून जखमा होण्याची भीती कमी होते. तो कोणाच्या आईसाठी घेतलेला, मग कोणाच्या सासऱ्यांकडे, तिथून कोणाच्या भावाकडे. विश्रामबागेतल्या जितक्या गल्ल्या त्या गादीने पाहिल्या, तितक्या मी पाहिलेल्या नाहीत. अण्णांना रुतू नये म्हणून मी त्यावर जाड गोधडी घातली. मावशींनी न बोलता ती काढून माझ्या खुर्चीवर ठेवली.

कट्ट्याने शिकवलेली दुसरी गोष्ट म्हणजे मागणं. "मदत करा" म्हटलं की माणसं हात जोडतात. "गुरुवारी चार ते पाच अण्णांजवळ बसा, मला बँकेत जायचंय" म्हटलं की येतात. मी ग्रुपवर वार, वेळ आणि काम लिहायला लागलो. निम्मा परिवार ग्रुप सोडून गेला. उरलेल्यांत शेजारचे काका दाढी करून देतात, अकरावीतली मुलगी शब्दकोडं सोडवायला येते आणि आत्याबाई शहाळ्याऐवजी डायपरचा पुडा आणतात. पोस्टमनने अण्णांच्या उजव्या अंगठ्यावर दाखला काढला. अण्णांनी त्याच्याकडून पावती मागून घेतली आणि खात्याचं काम पूर्वीसारखं राहिलं नसल्याचं सांगितलं.

परवा मावशी चहा पिताना म्हणाल्या, "सर, रिटायर झालाय न्हवं? ब्युरोत नाव घाला. बाप्या पेशंटसाठी बाप्या माणूस मिळत न्हाई, लई मागणी हाय."

मला जरा गहिवरल्यासारखं झालं. मी विचारलं, "घेतील मला?"

मावशींनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी वर्तमानपत्र खाली न घेता शिफारस केली, "घेतील. पण बेशुद्ध पेशंट द्या म्हणावं."