कप उभा, ट्रे आडवा

पातळ कागदी वाट्यांना मफिन ट्रेचा आधार नसला की पीठ ओतताच त्या फतकल मारतात. काठ दुमडलेले जाड बेकिंग कप मात्र साध्या ताटलीतही ताठ उभे. ट्रेचा खर्च वाचतो. वाचलेले पैसे कपांवर उडतात, हा भाग वेगळा. अमेरिकेत अमेलिया सिमन्सबाईंनी १७९६ सालीच आपल्या पाककृतींच्या पुस्तकात छोट्या कपांत केक भाजायला सांगितलं होतं. ते कप निदान धुता तरी यायचे. आपले काटकसरी त्याही पुढचे: चहाचा कागदी कपच थेट ओव्हनमध्ये! त्याच्या आतला प्लॅस्टिकचा थर १८० अंशांना वितळून केकशी सोयरीक जोडतो. वर क्रीम, चेरी. पाहुणे म्हणतात, “चव काही वेगळीच आहे हो, वहिनी!” वहिनी मात्र कृती सांगत नाहीत.